पोलिसांचा बिनतारी संच : राखण आणि गैरवापर

पोलिसांचा बिनतारी संच चोरीला गेला, तर चोराच्या हाती वस्तूबरोबर खात्याचे कानही लागतात. कोणती गाडी कुठे आहे, नाकाबंदी कोणत्या फाट्यावर आहे, छाप्याचे पथक निघाले की नाही, हे सगळे त्याला बसल्या जागी ऐकू येते. बोलण्याचे बटण दाबून तो खोटा निरोपही देऊ शकतो. भारतात या संचाची राखण आधी कायद्याने केली, मग नोंदवहीने. संचाला स्वतःचे कुलूप फार उशिरा मिळाले.

1885 च्या तार कायद्याने संदेशवहनाचा अधिकार सरकारकडे घेतला होता. नभोवाणी आल्यावर लोक परवान्याविना रेडिओ वापरू लागले आणि शुल्क बुडू लागले, म्हणून 1933 चा बिनतारी तारयंत्र कायदा झाला. तो 1 जानेवारी 1934 पासून अंमलात आला. परवान्याविना यंत्र नुसते जवळ बाळगणे हाच त्यात गुन्हा ठरला. पहिल्या वेळी दंड 100 रुपयांपर्यंत, पुढे 250 पर्यंत. महसुलासाठी केलेली ही तरतूद सुरक्षेच्या कामी फार उपयोगी पडली, कारण संच कोणी चोरला हे सिद्ध झाले नाही तरी तो ज्याच्याकडे सापडला त्याला धरता येत होते. मुंबईत 27 ऑगस्ट 1942 पासून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा पोलीस शोधयंत्रे बसवलेल्या गाड्या घेऊन त्याच्या मागावर होते. नोव्हेंबरात केंद्र पकडले गेले. स्वातंत्र्यानंतर कायदा आणखी कडक झाला आणि विनापरवाना प्रक्षेपक बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातला आजचा अंकुशनगर परिसर 1933 चा कायदा झाला तेव्हा त्याच्या कक्षेबाहेर, निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान शरण आले. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यातच होता. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला आणि जिल्ह्याला स्वतःचे पोलीस अधीक्षक मिळाले. अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्याचे गाव. गळीत हंगामात उसाच्या गाड्यांची रीघ, जवळून जाणारा धुळे–सोलापूर महामार्ग आणि दक्षिणेला गोदावरीचे पात्र, अशा मुलखात पोलिसांची गाडी कुठे आहे ही माहिती मोलाची असते. गोदापट्ट्यात वाळूचा बेकायदा उपसा हे जुने दुखणे आहे, आणि तो करणाऱ्याला सगळ्यात आधी हीच माहिती लागते.

गस्तीच्या शिपायाकडचा ॲनालॉग हँडसेट साधारण पाच वॉटचा. त्याच्या लहरी जवळपास नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे सपाट रानात त्याचा आवाज काही किलोमीटरच पोचतो. पुढे उंचावरचा रिपीटर तो उचलून दूर फेकतो. रिपीटर दरवेळी कोण बोलतो हे तपासत नाही. ठरलेली वारंवारता आणि कानाला न जाणवणारा एक खालचा सूर जुळला की तो उघडतो. हा सूर म्हणजे कुलूप असा समज पसरला होता; तो चुकीचा आहे. सुराने फक्त नको असलेली खरखर थांबते, ऐकणाऱ्याला अडवले जात नाही.

ॲनालॉग संचाची खरी राखण म्हणूनच ठाण्यात होत असे. संचाचा क्रमांक, बॅटरी, अँटेना, चार्जर यांची नोंद करायची, पाळी बदलताना सही घेऊन संच द्यायचा आणि सही करून परत घ्यायचा. हरवला तर स्टेशन डायरीत नोंद, बिनतारी शाखेला निरोप आणि मग चौकशी. अडचण इथेच होती. हरवलेल्या एका संचाला बाद करण्याची सोयच नव्हती. वाहिनी बदलायची, तर जिल्ह्यातला प्रत्येक संच गोळा करून, केबल लावून पुन्हा भरावा लागे. एवढा व्याप एका हँडसेटसाठी कोण करणार? शिवाय संचाची किंमत पगारातून जाईल या धास्तीने शिपाई आधी स्वतःच शोधत बसण्याची शक्यता असते. हरवल्याबद्दलची शिक्षा आणि उशिरा कळवल्याबद्दलची शिक्षा वेगळी नसेल, तर नियमच उशिराला खतपाणी घालतो.

उघड्या वाहिनीची दुसरी बाजूही आहे. जानेवारी 1993 च्या मुंबईच्या दंगलीत पोलिसांची बिनतारी संभाषणे बाहेरून ध्वनिमुद्रित झाली आणि पुढे तो विषय दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगापुढे गेला. वाहिनी पूर्ण बंदिस्त केल्यावर तिच्यावर काय बोलले गेले याचे मुद्रण खात्याबाहेरच्या चौकशीला मिळेल, अशी सोय असायलाच हवी.

संच हल्लेखोरांच्या हाती पडल्याचेही उदाहरण आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना मारून हल्लेखोर पोलिसांचीच क्वालिस घेऊन निघाले. गाडी बिनतारी संचासह त्यांच्या ताब्यात होती. गाडीत मागे जखमी अवस्थेत पडलेले पोलीस कर्मचारी अरुण जाधव यांनी, हल्लेखोर गाडी सोडून गेल्यावर, त्याच संचावरून नियंत्रण कक्षाला खबर दिली. गडचिरोलीत तर माओवाद्यांशी झालेल्या चकमकीनंतर जप्त होणाऱ्या साहित्यात बंदुकांबरोबर वॉकी-टॉकी वारंवार आढळत आले. मोबाइलचे जाळे विरळ असलेल्या जंगलात त्याची किंमत काडतुसांहून कमी नव्हती.

डिजिटल संचांनी चित्र बदलले. 1990 च्या दशकात युरोपात ठरलेल्या टेट्रा मानकात प्रत्येक संचाला ओळख आणि स्वतःची गुप्त किल्ली असते. जाळ्यात शिरताना संचाला आपली ओळख पटवायला लावता येते. हरवल्याची खबर आली की नियंत्रण कक्ष लहरींवरूनच तो मुका करतो किंवा कायमचा बाद करतो, बाकीच्या संचांना हात न लावता. बोलणेही सांकेतिक करता येते. तरीही 2023 मध्ये मिडनाइट ब्लू या डच संस्थेच्या संशोधकांनी टेट्रातील ‘टीईए-1’ या सांकेतिक पद्धतीतला दोष उघड केला. 80 बिटांची म्हणून सांगितलेली किल्ली आतून 32 बिटांपर्यंत आखडलेली होती. साध्या संगणकावरही ती काही वेळात फुटते. कित्येक वर्षे ही रचना गुप्त ठेवल्यामुळेच तिची बाहेरून तपासणी झाली नव्हती. ज्या कुलपाची परीक्षा कोणालाच घेऊ दिली नाही, त्यावर पोलिसांनी भरवसा ठेवू नये.

गैरवापरासाठी आता पोलिसांचा संच चोरण्याची गरजही उरलेली नाही. हव्या त्या वारंवारतेवर लावता येणारे स्वस्त हँडसेट ऑनलाइन मिळू लागले आणि ॲनालॉग वाहिनी ऐकायला तेवढे पुरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये अशा विक्रीची तपासणी केली, तेव्हा नियमबाह्य अशा 16,970 जाहिराती आढळल्या. मे महिन्यात त्यावर मार्गदर्शक तत्त्वे निघाली. 1885 आणि 1933 च्या कायद्यांच्या जागी 2023 चा दूरसंचार कायदा करण्यात आला आहे. साखर कारखान्याचे सुरक्षारक्षक, जत्रेचे स्वयंसेवक किंवा लग्नाचे व्यवस्थापक यांच्यासाठी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2018 पासून परवान्याविना खुला आहे. संच घेताना तो याच पट्ट्यातला आहे आणि त्याला सरकारी मान्यता आहे, एवढे पाहून घ्यावे.