वैमानिकाच्या मनगटावर झोपेची मोजणी

२२ मे २०१० रोजी सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूर येथे उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १५८ जण मृत्युमुखी पडले, केवळ आठ वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण तपासण्यात आले. पहिली सुमारे एक तास चाळीस मिनिटे दोघा वैमानिकांत संभाषण नव्हते. मधूनमधून ऐकू येत होते ते मुख्य वैमानिकाचे घोरणे. उतरण्यापूर्वी तो जागा झाला होता. तथापि 'पुन्हा वर चला' असे सहवैमानिकाने तीनदा सांगूनही त्याने विमान खाली आणले. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदूवर जडत्व राहते आणि निर्णयशक्ती मंदावते. चौकशी अहवालाने या निद्राजडत्वाकडे लक्ष वेधले.

रात्री दोन ते सकाळी सहा हा शरीराच्या सतर्कतेचा नीचांक मानला जातो. हे विमान नेमके याच वेळेत उडत होते. थकव्याचा खरा धोका असा की, तो ज्याला असतो त्याला तो पुरता कळत नाही. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी व्यक्तींना सलग चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले गेले. त्यांची कार्यक्षमता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली. मात्र त्यांना स्वतःला झोप येत असल्याचे तितके जाणवत नव्हते. 'मी ठीक आहे' या वैमानिकाच्या शब्दावर विसंबणे म्हणूनच पुरेसे ठरत नाही, आणि येथेच मनगटावरील झोपमापक पट्ट्याचा विचार पुढे येतो.

या पट्ट्याचे मूळ तंत्र जुने आहे. त्यातील सूक्ष्म संवेदक हाताची हालचाल टिपतो. बराच वेळ हालचाल नसेल तर ती झोप, असा हिशोब केला जातो. नव्या पट्ट्यांत हिरव्या प्रकाशाच्या साहाय्याने नाडीचे ठोकेही मोजले जातात. झोपेच्या प्रयोगशाळेत मात्र मेंदूच्या विद्युतलहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण यांची थेट नोंद होते. पट्ट्याकडे यांपैकी काहीही नसते. एकूण झोपेचे तास तो बऱ्यापैकी सांगतो, 'गाढ' झोप किती आणि 'स्वप्नांची' किती हे आकडे सावधपणेच घ्यावेत. शिवाय त्याची चूक बहुधा एकाच दिशेने होते. दिवसाउजेडी हॉटेलच्या खोलीत डोळे मिटून, टक्क जागा पडून राहिलेला वैमानिक त्याच्या लेखी झोपलेला असतो. म्हणजे ज्याला विश्रांती मिळालेली नाही, त्यालाच पट्टा ताजातवाना ठरवू शकतो.

त्यामुळे आजच्या उड्डाणास अमुक वैमानिक योग्य की अयोग्य, हे पट्ट्यावरून ठरविणे धोक्याचे. त्याचा खरा उपयोग वेळापत्रक तपासण्यासाठी आहे. एखाद्या मार्गावरील अनेक वैमानिकांच्या अनेक आठवड्यांच्या नोंदी एकत्र केल्या की, कोणत्या ड्युटीपूर्वी झोप तुटते ते स्पष्ट दिसते. या नोंदींवरून गणिती प्रारूपे सतर्कतेचा अंदाज बांधतात. जोडीला प्रतिक्रियेची चाचणी घेता येते : पडद्यावर खूण दिसताच बटण दाबायचे, अर्ध्या सेकंदाहून अधिक विलंब झाला की चूक.

भारतात इंडिगोने सप्टेंबर २०२३ मध्ये थेल्स कंपनीच्या साहाय्याने अशा मनगटी उपकरणाची चाचणी जाहीर केली. सहभाग ऐच्छिक आणि माहिती निनावी असेल, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम काढले. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. अंमलबजावणी लांबत गेली. रात्रीसंबंधीच्या तरतुदी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाल्या आणि डिसेंबरमध्ये पुरेशा वैमानिकांअभावी इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली. तिला त्यांपैकी काही तरतुदींतून तात्पुरती सूट द्यावी लागली. अधिक विश्रांती द्यायची तर अधिक माणसे नेमावी लागतात, हा हिशोब पट्टा मनगटावर बांधून चुकत नाही.

उरतो प्रश्न नोंदी कोणाच्या हाती असाव्यात, हा. वैमानिक सुटीच्या दिवशी कधी झोपला, रात्री किती वेळा उठला, हे मालकाला कळावे काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. ही मुभा झोपेच्या नोंदींपर्यंत ताणली गेली, तर पट्टा ऐच्छिक राहणार नाही. आणि नोंदीपायी ड्युटी वा भत्ता जाण्याची भीती वाटू लागली, तर वैमानिक तो रात्री काढून ठेवतील. रेल्वेचे लोको पायलट आणि रात्रपाळीचे निवासी डॉक्टर यांनाही उद्या हीच अडचण येईल. म्हणून नोंदी कंपनीबाहेरील वैद्यकीय पथकाकडे राहाव्यात, कंपनीला केवळ मार्गनिहाय सरासरी कळावी आणि शिस्तभंगाच्या कारवाईत त्यांचा वापर होणार नाही असे लेखी ठरावे, हे पट्टा वाटण्यापूर्वी करावयाचे काम आहे.