चारशे पौंड, चारशे रुपये

जुलै १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले, तेही बोटांवर मोजता येतील इतक्या मताधिक्याने. ही विजयकथा मराठी वाचक शाळेपासून ऐकत आला आहे. तिच्यातली एक साधी गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. खासदार म्हणून दादाभाईंना एक पेनीही पगार नव्हता. कुणालाच नव्हता. जगाच्या मोठ्या भागावर हुकूमत गाजवणाऱ्या साम्राज्याचे कायदे करणारे साडेसहाशेहून अधिक सभासद बिनपगारी होते.

वरवर पाहता हा त्याग वाटतो. प्रत्यक्षात तो दाराला लावलेला अडसर होता. लंडनमध्ये वर्षातले कित्येक महिने राहायचे, घरभाडे द्यायचे, मतदारसंघात ये-जा करायची आणि कमाई मात्र शून्य. हे परवडणार कुणाला? जमीनदाराला, गिरणीमालकाला, चांगली वकिली चालणाऱ्या बॅरिस्टरला. दादाभाईंबरोबर त्याच निवडणुकीत केअर हार्डी वेस्ट हॅममधून निवडून आला. वयाच्या दहाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला हा माणूस काळा लांब कोट न घालता साध्या कपड्यांत आणि टोपीत सभागृहात गेला, तर लंडनची वर्तमानपत्रे त्याच्यावर तुटून पडली. कामगार त्या बाकावर बसू शकतो, हेच अनेकांच्या पचनी पडत नव्हते.

हा अडसर काढा, ही मागणी त्याआधी अर्धशतक झाली होती. १८३८ मध्ये चार्टिस्ट चळवळीने सहा मागण्यांची सनद मांडली. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, समान मतदारसंघ, दरवर्षी निवडणूक, उमेदवाराला मालमत्तेची अट नको, आणि खासदाराला पगार. १८३९, १८४२ आणि १८४८ असे तीन वेळा लाखो सह्यांचे अर्ज पार्लमेंटपुढे आले आणि तिन्ही वेळा ते झिडकारले गेले. मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली, पण पगाराचे दार उघडायला आणखी पन्नासहून अधिक वर्षे लागली.

मधल्या काळात कामगारांनी आपली वाट आपणच काढली. १८७४ मध्ये थॉमस बर्ट आणि अलेक्झांडर मॅकडॉनल्ड हे दोन खाणकामगार निवडून आले. बर्टचा लंडनमधला खर्च नॉर्थम्बरलंडच्या खाणकामगारांची संघटना आपल्या वर्गणीतून भागवत असे. जमिनीखाली कोळसा खणणाऱ्या हातांनी पेनी पेनी गोळा करून आपला माणूस पार्लमेंटात पोसला. प्रतिनिधी या नात्याचा याहून चोख व्यवहार शोधून सापडणार नाही. पैसा मतदारांचा, हिशेबही मतदारांनाच.

१९०९ मध्ये हा व्यवहार मोडला. रेल्वे कामगारांच्या संघटनेतल्या ऑस्बॉर्न नावाच्या सभासदाने दावा लावला होता. त्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की संघटनांना आपला निधी राजकारणासाठी वापरता येणार नाही. मजूर पक्षाच्या खासदारांच्या चुलीवरच गदा आली. या पक्षाच्या पाठिंब्यावर टिकलेल्या उदारमतवादी सरकारला पाऊल उचलणे भाग पडले आणि ऑगस्ट १९११ मध्ये खासदारांना वर्षाला ४०० पौंड देण्याचे ठरले. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांचे म्हणणे होते की हा कामाचा मोबदला नव्हे. ज्यांना पैशाअभावी सार्वजनिक सेवा करता येत नाही, त्यांना ती करता यावी म्हणून दिलेला भत्ता आहे. विरोधकांना भीती होती की आता राजकारण हा पोटापाण्याचा धंदा होईल. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, आणि हा वाद आजही त्याच दोन टोकांमध्ये फिरतो.

पुण्याने याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने दिले होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला. समाज चरितार्थापुरते जे देईल त्यात भागवायचे आणि स्वतःसाठी पैसा मिळवायच्या मागे लागायचे नाही, अशी शपथ सभासद घेत. याच समाजातले ना. म. जोशी १९२१ पासून केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले. ते निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त होते, कारण गिरणीतल्या मजुराला मताचा अधिकारच नव्हता. तरीही कामावर जखमी झालेल्या मजुराला भरपाई देणारा १९२३ चा कायदा आणि संघटनांना मान्यता देणारा १९२६ चा कायदा यांच्यामागे जोशींची चिकाटी होती. परळच्या चाळींत ज्यांचे रोजचे जाणे-येणे होते, त्यांना कामगाराचे दुखणे सभागृहात सांगायला कागद लागत नसे.

मुंबईच्या विधानसभेत हा विषय खऱ्या अर्थाने पेटला तो १९३७ मध्ये. कराचीच्या १९३१ च्या अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला होता की सरकारी सेवकाला महिना ५०० रुपयांहून अधिक पगार नको. बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर येताच मंत्र्यांसाठी तोच आकडा घेऊन विधेयक आले. आधीचे मंत्री हजारांत पगार घेत; त्यामानाने हे मोठेच पाऊल होते आणि लोकांना ते भावलेही. पण स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर उठले आणि त्यांनी चर्चा साधेपणाच्या कौतुकातून बाहेर काढली. त्यांच्या मते मंत्र्याचा पगार ठरवताना चार कसोट्या लावायला हव्यात: समाजातले राहणीमान, कामाची कुवत, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता. गिरणगावातून निवडून आलेला, महार वतनाविरुद्ध लढणारा हा नेता कमी पगार म्हणजेच गरिबांची कणव, हे समीकरण मान्य करायला तयार नव्हता. त्या चार कसोट्या आजही कुणी काढून लावल्या, तर बराच गोंधळ निवळेल.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने खासदारांचे वेतन संसदेवर आणि आमदारांचे विधिमंडळावर सोपवले. १९५४ च्या कायद्याने खासदाराला महिना ४०० रुपये आणि अधिवेशनाच्या दिवसाला २१ रुपये मिळू लागले. १९७६ मध्ये निवृत्तिवेतन आले. १९९८ मध्ये वेतन ४ हजार झाले, २००१ मध्ये १२ हजार, २००६ मध्ये १६ हजार. २०१० मध्ये संसदीय समितीने ८०,००१ रुपयांची शिफारस केली. वरचा तो एक रुपया केंद्र सरकारच्या सचिवापेक्षा खासदार वरचढ, हे दाखवण्यासाठी होता. मिळाले ५० हजार, आणि त्यावरून सभागृहात गदारोळ झाला. २०१८ पासून १ लाख, आणि दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढ. मार्च २०२५ च्या अधिसूचनेने ते १ लाख २४ हजारांवर नेले. भत्ते, कार्यालयाचा खर्च, घर आणि प्रवास वेगळे.

महाराष्ट्राची गोष्ट याहून बोचरी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पावसाळी अधिवेशन संपता संपता, आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना मंजूर झाले. ७५ हजारांच्या आसपास असलेली महिन्याची रक्कम १ लाख ७० हजारांच्या घरात गेली आणि मूळ वेतनाची सांगड प्रधान सचिवाच्या वेतनाशी घातली गेली. एरवी एकमेकांचे राजीनामे मागणाऱ्या बाकांवरून त्या दिवशी विरोधाचा सूर निघाला नाही. याच राज्यात अंगणवाडी सेविकांनी डिसेंबर २०२३ मध्ये संप पुकारला, तो दीड महिन्याहून अधिक चालला. तेव्हा त्यांचे मानधन दहा हजारांच्या आसपास होते. थंडीत आझाद मैदानावर बसलेल्या त्या बायकांना स्वतःच्या वाढीचे विधेयक स्वतः मांडता येत नाही.

इथे पगाराच्या आकड्यापेक्षा तो ठरवण्याची रीत अधिक खुपते. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या भत्त्यांची लाज आणणारी प्रकरणे बाहेर आली, तेव्हा त्यांचे वेतन ठरवण्याचा अधिकार स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेला. आपल्याकडे खासदारांची वाढ निर्देशांकाशी जोडली असली, तरी वेतनाचा कायदा करताना आजही लाभ घेणाराच हात वर करतो.

मग प्रश्न उरतो तो प्रतिनिधित्वाचा. पगार गरिबाला दार उघडण्यासाठी होता. ते दार आज कुणाला उघडते? उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांवरून काढलेल्या हिशेबानुसार २००९ च्या लोकसभेत ५८ टक्के खासदार कोट्यधीश होते, २०१४ मध्ये ८२, २०१९ मध्ये ८८ आणि २०२४ मध्ये ९३ टक्के. एक साधा गुणाकार करून पाहावा. १ लाख २४ हजार रुपये दरमहा, पाच वर्षांचे साठ महिने: ७४ लाख ४० हजार. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यात कायद्याने करता येणारा खर्च ९५ लाख. म्हणजे पाच वर्षांचे सगळे मूळ वेतन ओतले तरी कायदेशीर प्रचाराचासुद्धा पूर्ण खर्च निघत नाही, आणि कागदावर न येणारा खर्च सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या हेतूने १९११ चे ४०० पौंड आणि १९५४ चे ४०० रुपये दिले गेले, तो निवडणुकीच्या खर्चाने गिळून टाकला आहे. उमेदवारी अर्ज भरण्याआधीच शेतमजूर, शिक्षिका, रिक्षावाला शर्यतीतून बाद होतात. निवडून आल्यावर मिळणारा पगार त्यांच्या कामाचा राहत नाही.

एसटीच्या गाडीत आमदारांसाठी राखीव आसन असते. त्यावरची अक्षरे पुसट झालेली आणि तिथे कुणीतरी पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसलेले, हे दृश्य महाराष्ट्रात सगळ्यांच्या परिचयाचे आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख त्या सवलतीचा खरोखर वापर करत. अकरा वेळा निवडून आलेला शेतकरी कामगार पक्षाचा हा आमदार एसटीने प्रवास करायचा, त्यामुळे टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांच्या पाण्याचे गाऱ्हाणे त्याच्या कानावर गाडीतच पडायचे. त्यांच्या वेतनाला कुणी कधी नावे ठेवली नाहीत. कम्युनिस्ट पक्षांत वेतन पक्षाकडे जमा करायचे आणि पक्ष देईल त्यावर घर चालवायचे, ही रीत आजही आहे. नॉर्थम्बरलंडच्या खाणकामगारांची वर्गणी आणि गोखल्यांची शपथ यांच्याशी तिचे जवळचे नाते आहे.

डहाणूच्या आदिवासी पट्ट्यातून २०१९ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले, तेव्हा त्यांची जाहीर मालमत्ता सुमारे ५१ हजार रुपये होती. बहुसंख्य आमदार कोट्यधीश असलेल्या सभागृहातली ती सर्वांत कमी मालमत्ता. त्यांना तिथवर नेले ते वेतनाच्या आशेने नव्हे. वारली आदिवासींच्या १९४५ च्या लढ्यापासून त्या भागात रुजलेल्या संघटनेने नेले, वनजमिनीच्या दाव्यांसाठी पायी मोर्चे काढणाऱ्या माणसांनी नेले. २०२४ मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्याच निवडणुकीत घाटकोपर पूर्वेतून जिंकलेल्या आमदारांनी ३,३०० कोटींहून अधिक मालमत्ता जाहीर केली होती. दोघांचेही मासिक वेतन एकच.