यजमान आणि पाहुणे

इंटरनेट हे केंद्र नसलेले जाळे आहे, त्यात सर्व यंत्रे समान आहेत, हे विधान या विषयावरील बहुतेक पुस्तकांच्या पहिल्याच प्रकरणात भेटते. विधान खोटे नाही. परंतु समतेची घोषणा आणि समतेचा व्यवहार यांत किती अंतर असू शकते, हे या पानांच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. माझ्यापुढचा प्रश्न साधा आहे. समान यंत्रांचे म्हणून उभे राहिलेले हे जाळे. त्यात सामान्य माणसाचे यंत्र फक्त मागणारे आणि मूठभरांची यंत्रे देणारी, ही विभागणी कधी आणि कोणत्या वाटेने आली? ती मोडू पाहणाऱ्यांचे काय झाले?

आधी एका दंतकथेचा निकाल लावला पाहिजे. अणुहल्ल्यात टिकून राहावे म्हणून इंटरनेट बांधले, असे सर्रास सांगितले जाते. अमेरिकेतील रँड या संस्थेतील पॉल बॅरन यांनी १९६४ साली तसा अहवाल लिहिला होता हे खरे. एकाच केंद्राला जोडलेले जाळे, अनेक केंद्रांचे जाळे आणि केंद्रच नसलेले जाळे, अशा तीन आकृत्या त्यात आहेत आणि त्या आजही जागोजाग छापल्या जातात. पण आर्पानेट उभे राहिले ते अधिक रुक्ष कारणाने: विद्यापीठांतले महागडे संगणक दूरच्या संशोधकांनाही वापरता यावेत म्हणून. पैसा मात्र संरक्षण खात्याचाच होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला संदेश निघाला. 'लॉगिन' या शब्दाची दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र कोसळले. वर्षअखेर चार ठिकाणे जोडली गेली होती.

त्याच वर्षी ७ एप्रिलला स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने जाळ्याच्या कारभाराविषयीचे पहिले टिपण लिहिले. त्याचे शीर्षक होते 'होस्ट सॉफ्टवेअर'. होस्ट म्हणजे यजमान. जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक संगणकाला हाच शब्द होता. पाहुणा नावाचे यंत्र त्या परिभाषेत नव्हते. जो मागेल त्याने मागितल्यावर द्यायचेही, हा करार रचनेतच होता. मात्र ही समता यजमानांची आपापसातली होती. पंगतीत सगळे एका ओळीत बसले होते. पण पंगतीला बोलावणे होते ते संरक्षण खात्याची कंत्राटे असलेल्या विद्यापीठांना आणि संस्थांना. बाकीचे अंगणाबाहेर. विकेंद्रीकरणाचे गोडवे गाणारे लेखक ही गोष्ट ओघात सोडून देतात आणि मला ती सोडवत नाही.

बाहेर राहिलेल्यांनी आपली जाळी आपणच विणली. हा भाग मला साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूझनेटची कल्पना मांडली. ड्यूकला आर्पानेट नव्हते. त्यांच्याकडे होता युनिक्स चालवणारा संगणक, एक मोडेम आणि दूरध्वनीची तार. एका यंत्राने दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेला मजकूर द्यायचा, त्याच्याकडचा घ्यायचा आणि दुसऱ्याने तो तिसऱ्याला पोचवायचा. कर्त्यांनी स्वतःच त्याला गरिबांचे आर्पानेट म्हटले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जुहूचे एनसीएसटी आणि पवईचे आयआयटी यांच्यात संगणकाचे टपाल सुरू झाले ते याच दूरध्वनीच्या पद्धतीने.

पुढे यूझनेटमध्ये काय झाले, हे प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. रचनेत केंद्र नव्हते, पण दूरध्वनीचे बिल होते. ज्या थोड्या संस्थांची यंत्रे मोठी आणि बिल भरायची ऐपत मोठी, त्यांच्यामार्फतच बहुतेक मजकूर वाहू लागला. त्या यंत्रांच्या व्यवस्थापकांचा जो गट झाला, त्याला लोक 'बॅकबोन कबाल', म्हणजे कण्याचे कारस्थानी, असे अर्धवट थट्टेने म्हणत. १९८६-८७ मध्ये या गटाने सर्व चर्चागटांची नव्याने वर्गवारी केली. तीत काही विषय नकोसे ठरले, तर काहींना अशा कप्प्यात टाकले की मोठ्या यंत्रांनी तो कप्पा वाहून नेण्याचे नाकारले तरी चालावे. हुकूमशहा कोणी नव्हता, कायदा नव्हता. वाहून नेणे ज्याच्या हातात, निवडही त्याच्या हातात, एवढेच. त्यावर १९८७ मध्ये जॉन गिलमोर, ब्रायन रीड आणि गॉर्डन मॉफेट यांनी कण्याला वळसा घालून 'ऑल्ट' नावाची स्वतंत्र शाखा काढली. तिच्यात गट काढायला कोणाची परवानगी लागत नसे. कचरा पुष्कळ आला. पण इतरत्र दार बंद झालेली चर्चाही तेथेच आली.

दुसरे जाळे फिडोनेट. १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी संगणकावरचा पहिला सार्वजनिक सूचनाफलक सुरू केला. एका वेळी एकच माणूस फोन लावून वाचणार, चार ओळी लिहिणार आणि फोन ठेवणार. अशा फलकांचे पीक आल्यावर १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी ते एकमेकांना जोडण्याची युक्ती काढली. रात्री दूरध्वनीचा दर उतरतो. त्या ठरलेल्या तासाला सर्व फलकांनी लोकांसाठी बंद व्हायचे आणि आपसात टपालाची देवघेव करायची. जेनिंग्ज हे अराजकवादी आणि उघडपणे समलिंगी. प्रतिष्ठितांच्या संस्थांबाहेरच्या या माणसाने घरातल्या यंत्रांचे जाळे उभे केले आणि ते जगभर हजारो ठिकाणी पसरले. त्याच्या नियमावलीचा सारांश असा की दुसऱ्याला फार पिडू नये आणि स्वतः फार लवकर पिडून घेऊ नये. अर्थात तेथेही विभागीय संयोजक आले, अधिकारांची भांडणे आली. परंतु यंत्र ज्याच्या त्याच्या घरात होते. भांडण विकोपाला गेले तर माणूस आपला फलक घेऊन बाजूला होऊ शकत असे.

मग वर्ल्ड वाइड वेब आले. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ च्या मार्चमध्ये सर्न या संशोधन केंद्रात प्रस्ताव दिला आणि १९९० अखेर पहिला सर्व्हर त्यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट संगणकावर चालू झाला. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवली होती. सर्व्हर म्हणजे काही मंदिराचा गाभारा नव्हे. सतत चालू ठेवलेला आणि विचारल्यावर उत्तर देणारा साधा संगणक, हे त्या चिठ्ठीवरून कळते. त्यांच्या पहिल्या ब्राउझरमध्ये पाने वाचता येत तशी लिहिताही येत. १९९३ च्या एप्रिलमध्ये सर्नने हे तंत्र सर्वांना मोफत खुले केले. पण त्याच वर्षी जो मोझेक ब्राउझर लोकप्रिय झाला, त्यात वाचता येत होते, लिहिता येत नव्हते. वाचनाचा हक्क कोट्यवधींना मिळाला आणि लेखनाचा हक्क वाटेत कोठेतरी राहिला. यात कट नव्हता, सोय होती. माझ्या मते सोयीने होणारी विभागणी कटापेक्षा अधिक टिकाऊ असते, कारण तिच्याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही.

यानंतरची पावले सगळी तांत्रिक दिसतात, म्हणून त्यांकडे बारकाईने पाहिले पाहिजे. जाळ्यावरच्या यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते संपणार हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये एक तोडगा निघाला: अनेक यंत्रांना मिळून बाहेर एकच पत्ता. चाळीतल्या सगळ्या खोल्यांना मिळून रस्त्यावर एकच दार क्रमांक असावा तसे हे आहे. आतून पत्र पाठवा, त्याचे उत्तर बरोबर तुमच्या खोलीत येईल, कारण पत्र कोणी पाठवले हे दारवानाने टिपून ठेवलेले असते. पण बाहेरच्या अनोळखी माणसाने आपणहून तुमचा शोध घेतला, तर दारवान त्याला परत पाठवतो. म्हणजे तुम्ही मागू शकता. तुमच्याकडे कोणी मागायला येऊ शकत नाही. एका निरुपद्रवी सोयीने यजमानाचा पाहुणा झाला.

मग घराघरांत आले एडीएसएल. त्यातल्या पहिल्या 'ए'चा मूळ शब्द 'असिमेट्रिक'. मराठीत सरळ विषम म्हणावे. घरात येणारा प्रवाह रुंद आणि घरातून जाणारा अरुंद, अशी या तारेची वाटणी. तंत्रज्ञांनी ही विषमता नावातच नोंदवली, हा त्यांचा प्रामाणिकपणा. शिवाय अनेक कंपन्यांच्या करारात घरच्या जोडणीवर सर्व्हर चालवू नये असे कलम, टपाल पाठवण्याचा मार्ग बंद, आणि पत्ता आज एक, उद्या दुसरा. पत्त्यांच्या तुटवड्याचे कारण दिले जाई, त्यालाही उत्तर मिळाले. नव्या पद्धतीत पत्त्यांचा तोटाच नाही. तिचे मानक १९९८ चे आहे आणि तिच्या वापरात भारत आज जगातल्या आघाडीच्या देशांत मोडतो. तुटवडा गेला; पाहुणेपण गेले नाही. तोवर जगाची घडी त्यावर बसली होती.

ज्यांना घरातून देता येत नव्हते, त्यांनी दुसऱ्याच्या जागेत मांडामांड केली. जिओसिटीज १९९४ चे. याहूने ते १९९९ मध्ये विकत घेतले आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केले. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटले. तेथे मराठी मंडळींनी केलेल्या चर्चा कोणाच्या वहीत उतरल्या असतील तेवढ्याच वाचल्या. गूगलची गप्पांची सेवा काही वर्षे इतरांच्या स्वतंत्र सर्व्हरांशी बोलत असे. २०१३ मध्ये नवी सेवा आणून ते दार लावून घेतले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये हा प्रश्न थेट आपल्या दाराशी आला. पत्रकार दिलीप मंडल यांच्या ट्विटर खात्यावर निर्बंध आले. निळी खूण कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, यामागे जात आहे, असा आरोप दलित-बहुजन लेखक-कार्यकर्त्यांनी ट्विटरवरच उघडपणे केला. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद झाले होते. हजारो भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले. हे २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को यांनी सुरू केलेले तंत्र. त्यात एक कंपनी नाही; ज्याला हवा त्याने आपला सर्व्हर मांडावा आणि २०१८ मध्ये मान्य झालेल्या ॲक्टिव्हिटीपब या समान भाषेत इतरांशी बोलावे. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने घेतली नव्हती, ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना स्वतःच्या यंत्राचे आकर्षण वाटावे यात नवल नाही.

पण आलेल्यांतले बरेच जण परतले. त्यांना दोष देऊन भागत नाही. ज्यांच्याशी भांडायचे आणि ज्यांना ऐकवायचे, ते सगळे जुन्या जागीच होते. आणि विकेंद्रित जागा म्हणजे आपोआप न्याय्य जागा, असेही नाही. २०१९ मध्येच वंशद्वेषाचा अड्डा म्हणून कुख्यात असलेल्या गॅबने हेच मॅस्टोडॉनचे तंत्र उचलले. मुक्त सॉफ्टवेअर असल्याने त्याला कोणी अडवू शकत नव्हते. अनेक सर्व्हरचालकांनी त्याच्याशी संबंध तेवढे तोडले. येथे मला थांबून म्हणावेसे वाटते की संबंध तोडण्याच्या या अधिकाराकडे आपण सावधपणे पाहिले पाहिजे. द्वेष करणाऱ्याला दार बंद करणे आणि बहिष्कार टाकणे यांचे यांत्रिक बटन एकच आहे. दाबणारा कोण आणि त्याला जाब कोण विचारणार, हा प्रश्न बटन सोडवत नाही. छोट्या सर्व्हरचा चालक हा त्या वस्तीचा पाटील असतो. चांगला असला तर चांगला.

शिवाय हे पाटीलपण फुकटचे नसते. मोठ्या नावाची मोझिला संस्थाही आपला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद करून मोकळी झाली. मी स्वतः घरी जुन्या संगणकावर एक सर्व्हर चालवतो. आमच्या भागातल्या कार्यकर्त्यांची पत्रके, परिषदांची भाषणे, शाहिरांच्या ध्वनिफिती त्यावर ठेवल्या आहेत. स्थिर पत्ता मागितला तेव्हा जोडणी देणाऱ्या कंपनीच्या माणसाने विचारले, दुकान कुठे आहे? दुकान नाही म्हटल्यावर तो म्हणाला, सर, मग कशाला पाहिजे? शेवटी बाहेर भाड्याने घेतलेल्या एका छोट्या यंत्रामार्फत वळसा घालून काम भागवले. म्हणजे माझ्या स्वातंत्र्याचे एक टोक भाड्याचेच आहे. वीज जाते, इन्व्हर्टर दोन-अडीच तास पुरतो. सर्व्हरवरून टपाल येते. पाठवलेले मात्र मोठ्या कंपन्या कचऱ्याच्या टोपलीत टाकतात, कारण आमच्या यंत्राची त्यांच्या दरबारी पत नाही. या शब्दासाठी मूळ इंग्रजी शब्दही प्रतिष्ठा असाच आहे.

हे काम सोपे करण्याचे प्रयत्न चालू आहेत. एबेन मॉग्लेन यांनी २०१० मध्ये मांडलेला फ्रीडमबॉक्स हा त्यांतला एक. तळहाताएवढ्या यंत्रावर घरचा सर्व्हर. तेलंगणातील 'स्वेच्छा' या मुक्त सॉफ्टवेअरच्या संघटनेने तो काही खेड्यांतही नेला. यंत्र दोन-चार हजार रुपयांत येते. कमतरता आहे ती महिन्यातून चार-सहा तास बसून दुरुस्त्या चढवणाऱ्या, प्रती काढून ठेवणाऱ्या आणि हे दुसऱ्याला शिकवणाऱ्या माणसाची. आमच्याकडे महाविद्यालयातली तीन मुले शिकली. एकाला पुण्यात नोकरी लागली. उरलेल्या दोघांपैकी एकीने गेल्या पावसाळ्यात डिस्क बिघडल्यावर माझ्या मदतीशिवाय सगळा संग्रह दुसऱ्या यंत्रावर उभा केला आणि आता ती एका शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयासाठी तसाच दुसरा मांडते आहे.