इतिवृत्त नसलेले दिवस

२०१२च्या जानेवारीत जपानमध्ये एक गोष्ट उघडकीला आली. फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली जे आणीबाणी मुख्यालय उभे राहिले, त्याच्या बैठकांचे इतिवृत्त कुणी लिहूनच ठेवले नव्हते. आपत्तीशी संबंधित पंधरा सरकारी मंडळांपैकी दहांची दप्तरे अशीच कोरी किंवा अर्धवट निघाली. मग हजर असलेल्यांच्या टिपणवह्या आणि आठवणी गोळा करून मार्चमध्ये, म्हणजे घटनेला वर्ष होत आले तेव्हा, इतिवृत्त ‘नव्याने तयार’ करण्यात आले. जन्मनोंद सापडत नाही म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागवावे, तसा हा प्रकार.

त्याच मार्च महिन्यातला, पण २०११चा, दुसरा एक कागद पाहा. मियागी प्रांतातले इशिनोमाकी हे बंदराचे शहर. भूकंप आणि त्सुनामीत एकट्या त्या शहरात तीन हजारांहून अधिक माणसे गेली. तिथल्या ‘इशिनोमाकी हिबी शिंबुन’ या १९१२ साली निघालेल्या छोट्या दैनिकाचे छपाईयंत्र पाण्याने आणि वीज नसल्याने बंद पडले. बातमीदारांनी छपाईच्या रिळातला कोरा कागद कापला, जाड मार्करने हाताने बातम्या लिहिल्या, त्यांच्या हातानेच नकला केल्या आणि निवारा केंद्रांच्या भिंतींवर डकवल्या. १२ मार्च ते १७ मार्च, सलग सहा दिवस. त्यांत कुठला रस्ता बंद आहे, मदत कुठवर आली आहे, असल्याच गोष्टी होत्या. त्यातला एक अंक पुढे वॉशिंग्टनच्या वृत्तपत्र-संग्रहालयाने मागून नेला.

फुकुशिमाच्या त्या पहिल्या आठवड्यांची मांडणी करू पाहणाऱ्याला कागदांची वाण नाही. जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाचा जुलै २०१२चा अहवाल आहे, सरकारी समितीचा वेगळा अहवाल आहे, प्रांताची प्रसिद्धिपत्रके आहेत, आणि मिनिटाचा शिक्का असलेले हुकूम आहेत. अडचण वेगळीच आहे. हुकूम निघाला केव्हा हे कागद सांगतो, तो माणसापर्यंत पोचला केव्हा हे दुसऱ्याच कागदात शोधावे लागते.

हुकमांचे घड्याळ असे चालले. ११ मार्च, दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप. सुमारे पन्नास मिनिटांनी मोठी लाट फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रात शिरली. केंद्राच्या आवारातली मुख्य जमीन समुद्रसपाटीपासून १० मीटर, लाट त्याहून चार-पाच मीटर वर. वीज गेली, डिझेल जनित्रे बुडाली, अणुभट्ट्या थंड ठेवायचे साधन गेले. ७ वाजून ३ मिनिटांनी अणु-आणीबाणी जाहीर. ८.५०ला प्रांताने आपल्या अखत्यारीत २ किलोमीटरच्या आतल्यांना हलायला सांगितले. ९.२३ला केंद्र सरकारने ते ३ किलोमीटर केले. दुसऱ्या दिवशी पहाटे ५.४४ला १० किलोमीटर. दुपारी ३.३६ला पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट. संध्याकाळी ६.२५ला २० किलोमीटर. चोवीस तासांच्या आत वर्तुळ चार वेळा आखले गेले, आणि प्रत्येक वेळी आधीच्या वर्तुळाबाहेर जाऊन हुश्श केलेली माणसे पुन्हा आत आली.

आता लोकांचे घड्याळ. संसदीय आयोगाने निर्वासितांना प्रश्नावली पाठवली, १०,६३३ उत्तरे आली. त्यांवरून दिसते की ३ किलोमीटरचा हुकूम निघाला तेव्हा केंद्र ज्या गावात आहे तिथल्या अवघ्या वीस टक्के लोकांना अपघात झाल्याचे ठाऊक होते. १० किलोमीटरच्या आतल्या बहुतेकांना ते कळले पहाटेच्या हुकमाबरोबरच. बाकीच्यांना ‘निघा’ एवढेच समजले. कशासाठी आणि किती दिवसांसाठी, ते नाही. दोन-तीन दिवसांत परत येऊ अशा हिशेबाने लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. बँकेची पुस्तके, रोजची औषधे, कुत्री-मांजरे, गोठ्यातली जनावरे मागेच राहिली.

नामिए या सुमारे एकवीस हजार वस्तीच्या गावाची कथा मला या सगळ्यांत सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते, कारण तिथे करार होता. केंद्रात काही बिघडले तर गावाला कळवायचे, असा वीज कंपनी टेपकोशी लेखी करार. तरीही कंपनीकडून निरोप आला नाही. महापौर तामोत्सू बाबा यांना १० किलोमीटरच्या हुकमाची खबर लागली ती टीव्हीवरून. केंद्रापासून लांब जायचे तर डोंगराकडे, या सरळ गणिताने गावकचेरीने लोकांना वायव्येला सुमारे तीस किलोमीटरवरच्या त्सुशिमा भागात नेले. हजारो माणसे तिथल्या शाळांत, सभागृहांत, ओळखीपाळखीच्या घरांत उतरली. उघड्यावर चुली मांडून भात शिजत होता, मुले बाहेर खेळत होती. १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला, वर पाऊस आणि हिमही पडले, आणि हवेतला किरणोत्सार नेमका त्याच पट्ट्यात जमिनीवर उतरला.

वाऱ्याचा अंदाज देणारी यंत्रणा सरकारकडे होती. स्पीडी नावाची, अशाच प्रसंगासाठी बांधलेली. तिचे नकाशे १२ मार्चपासून फुकुशिमा प्रांताला ईमेलने येत होते. असे ८६ संदेश आले. त्यांतले ६५ कचेरीत पुसले गेले, हे प्रांतानेच पुढे मान्य केले. हेच आकडे १४ मार्चला अमेरिकी लष्कराला मात्र देण्यात आले होते. जपानी जनतेसमोर पहिला नकाशा आला २३ मार्चला. याला आपल्याकडे वरातीमागून घोडे म्हणतात. मात्र न्यायाने सांगायला हवे की केंद्रातून नेमके काय आणि किती बाहेर पडते आहे याचे मोजमाप बंद पडल्याने हे नकाशे गृहीत धरलेल्या आकड्यांवर काढलेले होते, आणि केवळ त्यांच्या भरवशावर स्थलांतर ठरवता आले असते का, याबद्दल संसदीय आयोगानेही हात राखूनच लिहिले आहे. पण दिशा तर त्यांत होती. त्सुशिमाच्या लोकांना तेवढीच हवी होती.

मिहारू या पश्चिमेच्या छोट्या गावाने कुणाच्या नकाशाची वाट पाहिली नाही. वारा पूर्वेकडून येणार आणि पाऊस पडणार, एवढ्या हवामानाच्या अंदाजावर गावकचेरीने १५ मार्चला आयोडीनच्या गोळ्या वाटल्या. वरून हुकूम नसताना वाटल्या म्हणून प्रांताने त्या परत गोळा करायला सांगितले. गावाने नकार दिला.

काही कागद नुसते उशिरा आले नाहीत, खोटेही निघाले. केंद्रापासून साडेचार किलोमीटरवर ओकुमा गावात फुताबा रुग्णालय आणि त्याला जोडून वृद्धांचे शुश्रूषागृह होते. १२ मार्चला चालू शकणारे २०९ रुग्ण बसमधून निघाले. मागे उरले ते अंथरुणाला खिळलेले, नळीवाटे अन्न घेणारे, आणि त्यांच्याजवळ थांबलेले रुग्णालयाचे संचालक व मूठभर कर्मचारी. पुढची गाडी आली ती १४ तारखेला. रुग्णालयाचे ३४ आणि शुश्रूषागृहाचे ९८ जण बसमध्ये बसवण्यात आले. उतरायचे ठिकाण होते दक्षिणेकडच्या इवाकी शहरातली एक शाळा. पण मधला रस्ता बंद क्षेत्रातून जाणारा, म्हणून बस आधी किरणोत्साराच्या तपासणीसाठी उत्तरेला गेली, मग पश्चिमेला वळसा घालून खाली दक्षिणेला आली: सुमारे २३० किलोमीटर, दहाएक तास, सोबत डॉक्टर नाही, परिचारिका नाही. बसण्याच्या आसनांवर आडवी केलेली ती माणसे वाटेत आणि पोचल्यावर काही तासांत दगावू लागली. मार्चअखेरपर्यंत रुग्णालय आणि शुश्रूषागृह मिळून सुमारे पन्नास गेली.

१७ मार्चला प्रांताने प्रसिद्धिपत्रक काढले: सुटकेच्या वेळी रुग्णालयाचे कुणीच हजर नव्हते. वर्तमानपत्रांनी त्यातून ‘रुग्णांना टाकून डॉक्टर पळाले’ असा अर्थ काढला आणि देशभर शिव्याशाप झाले. पुढे उलगडले की संचालक शेवटपर्यंत होते. पोलिसांनी धोका आहे म्हणून त्यांना तिथून काढले, आणि ते एका घाटात लष्कराच्या तुकडीची वाट पाहत उभे होते. तुकडी दुसऱ्या रस्त्याने गेली. प्रांताला आपले म्हणणे दुरुस्त करावे लागले. दुरुस्तीची बातमी अर्थातच पहिल्या बातमीइतकी मोठी छापली गेली नाही. आणि कात्रणवही चाळणाऱ्याने १७ तारखेवरच थांबले, तर त्याच्या हातून तोच अन्याय पुन्हा होईल.

२० ते ३० किलोमीटरच्या पट्ट्यातल्यांना १५ मार्चला वेगळा हुकूम मिळाला: घरातच थांबा, दारे-खिडक्या बंद ठेवा. असा हुकूम एक-दोन दिवसांसाठी असतो. तो दहा दिवस चालला. मिनामिसोमा शहराचा बराचसा भाग या पट्ट्यात होता. हुकूम माणसांसाठी होता, पण मालमोटारींचे चालकही त्या रेषेशी थबकले. पेट्रोल संपले, दुकाने बंद झाली, औषधे येईनात. एकाहत्तर हजारांच्या शहरात सुमारे दहा हजार उरले. महापौर कात्सुनोबू साकुराई यांनी २४ मार्चला कचेरीतच कॅमेऱ्यासमोर बसून अकरा मिनिटांची चित्रफीत करून यूट्यूबवर टाकली. अंगात कामाचा सदरा, आवाज सपाट, डोळ्यांत झोप नाही. सरकारकडून आणि कंपनीकडून माहिती येत नाही, आम्ही एकटे पडलो आहोत, स्वयंसेवकांनो या, असे त्यांचे मागणे. गावची कैफियत गावाने वरच्या कचेरीला न पाठवता थेट जगाला पाठवली. चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि नंतर ट्रक येऊ लागले. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, सरकारने या पट्ट्यातल्यांना ‘स्वेच्छेने’ बाहेर पडण्याचा सल्ला दिला. पेट्रोल नसलेल्यांनी स्वेच्छा कशी वापरायची, हे सल्ल्यात नव्हते.

निवाऱ्यांचे चित्र बहुतेक प्रदर्शनी सभागृहांचे आणि शाळांच्या व्यायामशाळांचे आहे. फुताबा गावाने तर कचेरीसकट प्रांत सोडला: आधी सायतामाच्या भव्य क्रीडागृहात, मग मार्चअखेर काझो शहरातल्या एका बंद पडलेल्या शाळेत. तो निवारा २०१३च्या डिसेंबरात मिटला. कोरियामाच्या ‘बिग पॅलेट’ या प्रदर्शनगृहात तोमिओका आणि कावाउची या गावांचे अडीच हजारांच्या आसपास लोक राहिले. जिन्याच्या वळणावर, शौचालयाच्या दारात, मिळेल तिथे पुठ्ठे अंथरून. साथीचे जुलाब झाले. वसंतात तिथे गरम पाण्यात पाय बुडवून बसायची सोय झाली, गप्पा सुरू झाल्या. ‘ओदागाइसामा’ नावाचे मदत केंद्र आणि त्याच नावाचे छोटे एफएम केंद्रही निघाले. शब्द तिकडच्या बोलीतला, अर्थ ‘आपण सगळे एकाच नावेतले’ याच्या जवळपासचा. ३१ ऑगस्टला तो निवारा बंद झाला आणि लोक पूर्वरचित घरांत गेले. तिघांच्या कुटुंबाला तीसेक चौरस मीटर, भिंती अशा की शेजाऱ्याची खोकल्याची उबळ आपल्या घरातली वाटावी. ही घरे कायद्याने दोन वर्षांची. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेड ज्यांना आठवतात, त्यांना ‘तात्पुरते’ या शब्दाची लांबी सांगायला नको.

उत्तरेला मियागीतल्या ओनागावात भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ४६ जणांची तुकडी मार्चअखेर पोचली. दलाची ती पहिलीच परदेशी मोहीम होती. जिवंत कुणी सापडण्याचे दिवस सरले होते, काम ढिगाऱ्यातून मृतदेह शोधण्याचे होते. त्याच ओनागावात दुसरे अणुवीज केंद्र आहे. ते जवळपास पंधरा मीटर उंचीवर बांधलेले, म्हणून वाचले; आणि घरे वाहून गेलेले साडेतीनशेहून अधिक गावकरी तीन महिने त्याच केंद्राच्या व्यायामशाळेत राहिले. एकाच आठवड्यात एका अणुकेंद्रापासून माणसे पळत होती आणि दुसऱ्यात आसरा घेत होती.

सप्टेंबर २०११मध्ये टेपकोने नुकसानभरपाईचा अर्ज पाठवला. अर्ज साठएक पानांचा, तो कसा भरावा हे सांगणारी पुस्तिका १५६ पानांची. पावत्या जोडा, असे त्यात होते; पावत्या बंद क्षेत्रातल्या घरांत होत्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी ती जाडजूड पाकिटे न उघडता ठेवून दिली. ओरड झाल्यावर आणि मंत्र्यांनी कान उपटल्यावर अर्ज सोपा करण्यात आला.

मग आणखी एक दाखला आला: ‘आपत्तीशी संबंधित मृत्यू’. लाटेत किंवा ढिगाऱ्याखाली नव्हे, तर नंतर, हलवाहलवीत, निवाऱ्यात, तात्पुरत्या घरात खचून गेलेल्यांचा. कुटुंबाने अर्ज करायचा, समितीने कागद पाहून ठरवायचे. फुकुशिमा प्रांतात भूकंप आणि त्सुनामीने थेट गेलेले सुमारे सोळाशे. या दाखल्यावर नोंदलेले तेवीसशेहून अधिक. ज्यांच्या घरच्यांनी अर्ज केलाच नाही, ते यात नाहीत.

आयोगाच्या त्या प्रश्नावलीत किती वेळा जागा बदलली असा एक प्रश्न होता. केंद्राजवळच्या पाच गावांतल्या सुमारे सत्तर टक्के लोकांनी वर्षभरात चार-चार वेळा किंवा त्याहून जास्त असे उत्तर दिले. शेवटी, आणखी काही सांगायचे असल्यास, म्हणून थोडी मोकळी जागा ठेवली होती. ती ८,०६६ जणांनी भरली. काहींना जागा पुरली नाही. त्यांनी वेगळे कागद जोडले, आणि कागद नसलेल्यांनी परतीच्या लिफाफ्यावर लिहिले.