तळटीप २३ : प्राथमिक पक्ष्माभिका

२३. प्राथमिक पक्ष्माभिका : श्वासनलिकेच्या अस्तरात दाटीने उभ्या राहून कफ वर सारणाऱ्या चल पक्ष्माभिकांशी हिची गल्लत वाचकाने करू नये, कारण प्रस्तुत मजकुरात अभिप्रेत असलेली पक्ष्माभिका पेशीगणिक एकच, अवघी काही मायक्रॉन लांबीची असून, नऊ जोडनलिकांच्या तिच्या वलयात मधली जोडी नसल्याने ती बहुधा निश्चल राहते व बाहेरचे रासायनिक संकेत पेशीत दाखल करून घेण्याचे काम करते. त्सिमरमान यांनी १८९८ साली तिचे वर्णन केले. सध्याचे नाव सोरोकिन यांनी १९६८ मध्ये रूढ केले. बाह्यत्वचेच्या तळथरातील, मेलॅनिन निर्माण करणाऱ्या रंगपेशींवरही ती असते. आणि प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी रंगपेशींत, तिच्यामार्फत चालणारा ‘हेजहॉग’ संकेतमार्ग उत्तेजित केला असता, मेलॅनिनची निर्मिती घटते, असे आढळले आहे. तथापि वर्णाचा सारा कारभार तिच्याच स्वाधीन असल्याचा ग्रंथकाराचा सूर आम्हांस अतिव्याप्त वाटतो, कारण मेलॅनिनचे प्रमाण व प्रकार ठरविण्यात अनुवंश, संप्रेरके आणि सूर्यप्रकाश यांचा वाटा फार मोठा आहे. निरुपद्रवी तिळांतील पेशींवर ती पुष्कळदा शाबूत दिसते. मेलॅनोमा या कर्करोगात मात्र ती बहुतांशी लोपलेली असते.