बर्गेनचा किनारा आणि वादळांचे शास्त्र

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सात डोंगरांच्या मध्ये वसलेल्या बर्गेन शहरात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि कोकणातल्याप्रमाणे तो चार महिन्यांत आटोपत नाही. त्याचा खरा जोर शरदात व हिवाळ्यात, अटलांटिक महासागरावरून एकामागून एक येणाऱ्या आवर्तांबरोबर प्रत्ययास येतो. वादळांचे आधुनिक शास्त्र या पर्जन्यग्रस्त बंदरात आकारास आले, यात योगायोगाचा अंश आहे खरा. परंतु त्या किनाऱ्याच्या घडणीचा वाटा त्याहून मोठा आहे, असे मला वाटते.

समुद्रालगत असंख्य लहानमोठी बेटे, त्यांच्या मागे डोंगर चिरीत आत गेलेले फ्योर्ड, ज्यांपैकी सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरांहून लांब आहे, आणि त्यांच्या माथ्यावर उंच पठार, अशी ही घडण आहे. नैर्ऋत्येकडून येणारी उबदार, ओलसर हवा डोंगर चढताना आपले पाणी टाकते; पण हिवाळ्यात आतल्या मुलखात साचलेली जड, थंड हवा फ्योर्डांच्या वाटेने समुद्राकडे वाहत येत असल्यामुळे सागरी हवेला पुष्कळदा डोंगराआधी या थंड थराच्या उतरणीवरच चढावे लागते, आणि स्टाडसारख्या पुढे आलेल्या भूशिरापाशी अडलेला वारा कडेने वळून अधिकच उग्र होतो. फ्योर्डातल्या गावी तर वारा दरीच्याच रोखाने वाहतो, म्हणून तेथला निरीक्षक जी दिशा इमानाने नोंदवतो ती दरीची असते, वादळाची नसते. अशा किनाऱ्यावर निरीक्षणस्थान कोठे असावे, हा प्रश्नच निम्म्या शास्त्राइतका महत्त्वाचा होता.

तो सोडवण्याची निकड महायुद्धाने आणली. हवामानाचे भाकीत हा यामिकी व पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे, असे 1904 मध्ये प्रतिपादन करणारे विल्हेल्म ब्यर्कनेस 1917 मध्ये लायप्झिग सोडून बर्गेनच्या नव्या भूभौतिकी संस्थेत आले. लायप्झिगला वाऱ्यांच्या अभिसरणरेषांचा अभ्यास आरंभणारा त्यांचा विद्यार्थी पेट्झोल्ड आदल्याच वर्षी व्हर्दूनच्या रणांगणावर पडला होता, आणि ते काम ब्यर्कनेस यांचे पुत्र याकोब यांनी हाती घेतले होते. नॉर्वे तटस्थ असला तरी ब्रिटनकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद पडल्या होत्या आणि धान्याची आयात आटली होती. तेव्हा शेतकऱ्यांना पावसाची आगाऊ खबर देण्याची तजवीज ब्यर्कनेस यांनी सरकारपुढे मांडली आणि 1918 च्या उन्हाळ्यासाठी तिला मंजुरी मिळवली. पश्चिमेकडचा समुद्र मुका झाला, म्हणून त्यांनी किनाराच दाट निरीक्षकांनी भरून काढला. त्यात दीपगृहांचे रखवालदार होते आणि पाणबुड्यांवर नजर ठेवणारी आरमाराची ठाणीही होती. बाहेरच्या बेटांवर, जेथे डोंगराने वारा अद्याप वाकवलेला नसतो, तेथून त्यांच्या तारा बर्गेनच्या दफ्तरात येऊ लागल्या.

या दाट जाळ्यामुळेच विशीतल्या याकोबला, विरळ नकाशावर गोलाकार दिसणाऱ्या आवर्तात, उबदार व थंड हवेला विभागणाऱ्या दोन रेखीव सीमा आढळल्या, आणि 1919 मध्ये त्याने त्या प्रसिद्ध केल्या. मागची थंड सीमा पुढच्या उबदार सीमेला गाठून उबदार हवा जमिनीवरून उचलून देते, हे बर्गेनच्या दफ्तरातल्या तोर बॅर्येरॉन यांनी ओळखले. नॉर्वेच्या डोंगरांपाशी उबदार सीमा रेंगाळते, म्हणून ही गाठ तेथे लवकर पडताना दिसे. या शोधांतून उभ्या राहिलेल्या ध्रुवीय सीमापृष्ठाच्या सिद्धांताचे जे सुबक चित्र पुढे जगभर गेले, त्यातून डोंगर मात्र वगळले गेले. शास्त्राला सामान्य नियम हवा असतो हे मान्य केले तरी, ज्या दीपगृहवाल्यांच्या नोंदींवर ते उभे राहिले त्यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो, याचे मला वाईट वाटते.

हिवाळी वादळांच्या भाकितासाठी मात्र किनाऱ्यावरचे हे जाळे पुरेसे नव्हते, कारण किनाऱ्यावर दिसलेले वादळ मच्छीमाराच्या दृष्टीने आधीच पोहोचलेले असते. 1921 मध्ये यान मायेन या निर्जन बेटावर वेधशाळा उभी राहिली, तेव्हा वायव्येकडची बाजू थोडी उघडली. बॅर्येरॉन यांनी नंतर, भूरचना हवामान घडवते हा किनाऱ्याचा धडा पुढे नेला: स्वीडनमधल्या उप्सालाच्या परिसरात पर्जन्यमापकांचे दाट जाळे पसरून, शंभर मीटरही उंची नसलेल्या झाडीच्या टेकड्या पावसाचे वाटप बदलतात, हे त्यांनी दाखवून दिले.