सही आधी आली, हिशोब मागून

हेदवीत गटाच्या बैठकीत आम्ही आधी पैसे मोजतो, मग सही करतो. पंचायतीत मात्र बायकांच्या हाती सही आधी आली. १९५८च्या कायद्याने ग्रामनिधी ठरवला. १९९३च्या ७३व्या घटनादुरुस्तीने आम्हाला एक तृतीयांश जागा दिल्या, २०११ साली राज्याने त्या निम्म्या केल्या. सरपंच झालेली बाई ग्रामसेवकाबरोबर धनादेशावर सही करू लागली. हिशोबाचे नमुने कोण शिकवणार? पुण्याची यशदा प्रशिक्षण देते, पण ते निवडून आल्यावर! गैरवर्तन ठरले तर कलम ३९ने पद जाते, ‘मला वाचता आले नाही’ हे तिथे चालत नाही. नमुना ५ म्हणजे रोकड वही, आपल्या गटाच्या वहीचीच थोरली बहीण. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत आम्ही तीच उघडायला सांगणार आहोत.